विहीणबाईंची लिपी

मुळाक्षरे गिरवण्याचे वय कोणते, असे मला कोणी विचारले असते, तर मी मास्तरणीच्या ठसक्यात 'सहा' असे उत्तर दिले असते. प्राथमिक शाळेत पोरांना 'ग म भ न' घालून देण्यात माझी एकतीस वर्षे गेली. खडूने हात पांढरे झाले, मागाहून केसही झाले. आणि आता सदुसष्टाव्या वर्षी, तोंडवलीच्या आमच्या घराच्या पडवीत बसून, मी पुन्हा बिगरीत नाव घातले आहे. तेही कोरियन भाषेच्या!

कारण सांगितले पाहिजे. आमचे चिरंजीव जहाजांचे आराखडे काढण्याच्या नोकरीनिमित्त दक्षिण कोरियातल्या बुसान बंदरी गेले आणि तिथलेच जावई झाले. सूनबाई गुणी आहे, नात पाच वर्षांची आहे. समुद्र इथेही आहे, तिथेही आहे. त्यामुळे मुलगा फार लांब गेला असे मी मनाला वाटू देत नाही. पण गेल्या माघात आमचे व्याही वारले. फोनच्या पडद्यावर विहीणबाई दिसल्या आणि आम्हा दोघींच्या मध्ये दुभाषी म्हणून चिरंजीव बसले. "त्यांना सांग, फार वाईट वाटले," मी म्हटले. त्याने सांगितले. त्यांनी मान लववली. मीही लववली. संपले!

वास्तविक मला पुष्कळ सांगायचे होते. सहा वर्षांपूर्वी आमचे हे गेले, तेव्हा जे कळले ते सांगायचे होते. पंधरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. मग एक दिवस ते रिकामे होते, आणि आधण ठेवल्यावर तांदूळ किती घ्यावेत हे हाताला उमगेनासे होते. पण हे मुलाच्या तोंडून कसे सांगावे? बापामागे आईचे काय झाले, हे त्याच्याच तोंडून भाषांतर करून घ्यायचे? हल्ली यंत्रही भाषांतर करून देते, हे मला ठाऊक आहे. पण यंत्राला कधी एकट्याचा भात शिजवावा लागलेला नाही. मी ठरवले, चार ओळी का होईना, आपल्या हाताने लिहायच्या.

सूनबाईंनी नातीची जुनी वही पाठवली. मोठमोठ्या चौकोनांची. तिकडे मुळ्याच्या चौकोनी फोडींचे एक लोणचे असते, त्याच्याच नावाने ही वही ओळखतात. आपल्याकडे एखाद्या वहीला 'कैरीच्या फोडींची वही' म्हणावे, तसे! मी पडवीत बसून गिरवू लागले, तेव्हा शेजारची सून कुंपणावरून डोकावली. "काकी, ह्या काय करतास? कागदार रांगोळी घालतास की काय?"

रांगोळी नव्हे, पण रांगोळीसारखेच हिशेबी काम आहे. ही लिपी हळूहळू घडत गेलेली नाही. ती एका राजाने विचारपूर्वक बसवली. सेजोंग त्याचे नाव. 1443 साली लिपी तयार झाली आणि 1446 साली प्रजेला दिली गेली. तोवर तिकडे चिनी चित्रलिपीत लिहीत. ती हजारो अक्षरे पाठ करायला श्रीमंताच्या मुलालाच सवड. शेतकऱ्याला, कोळ्याला आपले गाऱ्हाणे कागदावर मांडता येत नसे. राजाने अठ्ठावीस अक्षरे दिली. त्यांतली चोवीस आज उरली आहेत, चौदा व्यंजने आणि दहा स्वर. त्या वेळच्या ग्रंथात असा हिशेब मांडला आहे की शहाण्याला ती एका सकाळीत येतील, मंदाला दहा दिवसांत. मला अकरा दिवस लागले. माझी गणना कशात करायची ते वाचकांनी ठरवावे.

गंमत अशी, की ही अक्षरे म्हणजे तोंडाची चित्रे आहेत. 'न' म्हणताना जिभेचे टोक वर टेकते. तेव्हा जीभ जशी वळते तसा 'न'चा कोन. 'म' म्हणजे मिटलेल्या तोंडाचा चौकोन. 'स' दाताचा, घराच्या पाख्यांसारखा. 'क' सुताराच्या गुण्यासारखा. त्यात एक आडवी रेघ वाढवली की श्वास वाढतो आणि 'ख' होतो! आपल्या कंठ्य, तालव्य, ओष्ठ्य वर्गांचीच ही आतेभावंडे. भारतातला हा ध्वनिविचार बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये पोहोचला होता आणि सेजोंगच्या पंडितांनी चिनी ध्वनिशास्त्र अभ्यासले होते. तेव्हा नाते अगदीच ओढूनताणून नाही. आपला बिचारा 'ङ' 'वाङ्मय' सोडून कुठे दिसत नाही. तिकडे तो गोल होऊन शब्दाशब्दाच्या शेवटी थाटात बसलेला पाहून मला आनंद झाला.

पण राजाने दिले तरी विद्वानांनी घेतले नाही. 1444 सालीच दरबारी पंडितांनी विरोधाचा अर्ज केला. पुढे कित्येक शतके थोर लोक चिनीत लिहीत राहिले आणि ही लिपी बायकांची म्हणून हिणवली गेली. सरकारी कागदांत तिला मान मिळाला तो 1894 साली. हे वाचताना मला आमच्या माळ्यावरच्या पेटीतले कागद आठवले. आजेसासऱ्यांच्या जमिनीची ती मोडीतली दप्तरे. एके काळी सारा कारभार ज्या लिपीत चाले, ती आज आमच्या घरात कोणालाच वाचता येत नाही. दप्तरातली लिपी पेटीत गेली. बायकांनी चुलीजवळ बसून पत्रे लिहिली ती लिपी मात्र राष्ट्राची झाली. दक्षिण कोरियात 9 ऑक्टोबरला तिच्या नावाने सुट्टी असते. आपले पाटीपूजनही त्याच सुमारास येते!

अक्षरे आली म्हणजे भाषा आली असे नव्हे. तरी आपल्यासारखेच क्रियापद शेवटी येते आणि वडीलधाऱ्यांशी बोलायची रूपे वेगळी असतात, हा मोठाच आधार. बापाला मुले 'अप्पा' म्हणतात, हे ऐकून तर मी थक्क झाले. अडचण आली ती आमच्या गावाच्या नावापाशी. त्या लिपीत 'व' नाही! 'ब'वर भागवावे लागते. म्हणून पत्राच्या माथ्यावर मी 'तोंडबली' लिहिले आणि ग्रामदेवतेची मनोमन क्षमा मागितली.

पत्रात काय लिहावे? माझ्या मनातले ते सगळे लिहिण्याइतकी भाषा मला नव्हती. मग कळले, की तिकडे एकमेकांची विचारपूस 'जेवलात का?' अशी करतात. अहो, आमच्या मालवणी मुलखात तरी दुसरे काय विचारतात? भाताला त्यांचा शब्द एकाच चौकोनात मावतो. वर 'ब', शेजारी उभी स्वराची रेघ, खाली पुन्हा 'ब'. कानाला तो जवळजवळ 'पाप' असा लागतो. पण माझ्या मते त्यांच्या लिपीतले पुण्य त्याच चौकोनात आहे. भात आणि जेवण, दोन्हीला तोच शब्द.

मी लिहिले: "विहीणबाई, जेवलात का?" खाली माझे नाव. बस्स. सोबत आमसुलांची पुडी घातली.

महिन्याने उत्तर आले. लहान मुलाला वाचता यावीत तशी मोठी, सुटी, सावकाश काढलेली अक्षरे. मी चष्मा पुसला आणि एकेक चौकोन उलगडत गेले. पहिली ओळ, "जेवले." दुसरी, "तुम्ही जेवलात का?" तिसरी वाचायला मला सकाळचे दुपार झाली: "भात अजून दोघांचा होतो."

मुलाला ते पत्र मी दाखवले नाही. आम्हा दोघींच्या मध्ये आता कोणी दुभाषी नाही. वहीत पुष्कळ चौकोन कोरे आहेत, आणि 'एकाचा भात किती' हे कसे लिहायचे, तो धडा मी आजच काढला आहे.