सीपॅपची पहिली दहा मिनिटे

कोणतीही नवी गोष्ट सावकाश अंगवळणी पाडावी, अशी आपल्याकडची शिकवण आहे. बाळाला पहिले अन्न द्यायचे ते पेजेचे. लंघनानंतर प्रथम मऊ भात. आजारातून उठलेल्या माणसाचे पहिले चालणे अंगणापुरते. या शहाणपणात खोट काढण्याजोगे काही नाही. मात्र सौम्य सुरुवात ही प्रत्येक वेळी सुखाची सुरुवात असतेच असे नाही. हे मला उमगले ते आमच्या घरी आलेल्या एका लहानशा यंत्रामुळे. झोपेत श्वासमार्ग खुला ठेवणारे हे सीपॅप यंत्र आज अनेक घरांत येते, आठ-दहा दिवस उशाशी राहते आणि मग कपाटात जाते. ते कपाटात जाण्याचे कारण पुष्कळदा रात्रीच्या पहिल्या दहा मिनिटांतच दडलेले असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या यजमानांचे वय ५७. एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात ते नोकरीला आहेत. जाऊन-येऊन रोजचा ४४ किलोमीटरांचा प्रवास, तोही स्वतः मोटार चालवून. त्यांचे घोरणे जुनेच. पाहुण्यारावळ्यांत त्याची थट्टाही होई. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत त्या घोरण्यात मध्येच खंड पडू लागला. आवाज एकदम थांबे, छाती-पोट हलत राही, पण श्वास आत जात नसे. आणि काही क्षणांनी मोठ्या धापेसरशी ते दचकून श्वास घेत. सकाळी डोके जड, दुपारी कागदांवर पेंग. एके संध्याकाळी परतताना मोटार रस्त्याच्या दुभाजकाला घासली. दार चेपण्यापलीकडे काही झाले नाही. पण “डोळा कधी लागला ते कळलंच नाही,” हे त्यांचे वाक्य माझ्या मनातून जाईना.

निद्रातपासणीत दिसले की त्यांचा श्वास झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा थांबत किंवा फार मंदावत होता. हा आकडा ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र मानतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातील प्राणवायू घटतो, मग मेंदू झोप मोडून ती वाट उघडतो. असे रात्रभर चालले, तर झोप होते कुठे? डॉक्टरांनी सीपॅप सुचवले आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत मोटार चालवू नये, असे स्पष्ट बजावले. यजमान कारखान्याच्या बसने जाऊ लागले. यंत्र आम्ही प्रथम महिनाभरासाठी भाड्याने आणले.

सीपॅप म्हणजे नाकावरील मास्कमधून सतत सौम्य दाबाची हवा देणारे यंत्र. त्या हवेचा दाब घशाची वाट आतून तोलून धरतो. ही कल्पना ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. दाब मोजतात तो पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. सर्वसाधारण यंत्रे ४ ते २० सेंटिमीटर दाब देतात. हा दाब केवढा, हे घरीच अनुभवता येते. उंच पेल्यात ११ सेंटिमीटर पाणी घ्यावे, शहाळ्याची नळी तळाशी नेऊन फुंकर घालावी. पहिला बुडबुडा निघण्यास जेवढा जोर लागतो, तेवढा हा दाब. आपल्याभोवतीच्या वातावरणाचा दाब सुमारे १०३३ सेंटिमीटर असतो. म्हणजे यंत्र त्यात जेमतेम एक टक्क्याची भर घालते. यजमानांसाठी डॉक्टरांनी तपासणीअंती ११ सेंटिमीटर दाब ठरवला होता. त्याला आपण उपचाराचा दाब म्हणू.

जागेपणी एकदम हा झोत नाकात आला की माणूस बावरतो. म्हणून यंत्रात रॅम्पची सोय असते. रेल्वे स्थानकावर किंवा रुग्णालयात पायऱ्यांऐवजी जशी चढण असते, तशीच ही हवेची चढण. यंत्र कमी दाबावर सुरू होते आणि ठरावीक मिनिटांत हळूहळू उपचाराच्या दाबापर्यंत चढते. चढण जेथून सुरू होते तो सुरुवातीचा दाब, आणि चढायला लागणारा वेळ म्हणजे रॅम्पचा कालावधी. तो बहुधा शून्यापासून ४५ मिनिटांपर्यंत ठेवता येतो. आमच्या यंत्रात सुरुवातीचा दाब ४ आणि रॅम्प ४५ मिनिटे असा बेत होता. दाब सर्वांत कमी, वेळ सर्वांत जास्त. याहून मवाळ काय असणार?

पण पहिल्या रात्रीपासून यजमान मास्क काढून उठून बसू लागले. “गुदमरतंय,” एवढेच म्हणत. तिसऱ्या-चौथ्या रात्री त्यांनी अडीच तास निभावले, पाचव्या रात्री एकच तास. नवव्या दिवशी सकाळी यंत्र, नळी, मास्क सगळे पिशवीत भरून त्यांनी ती दाराशी ठेवली आणि म्हणाले, “अगं, देऊन टाकू परत. हा वारा मला सोसत नाही. माझं घोरणंच बरं.” मी म्हटले, “अहो, महिना तर होऊ द्या.” पण माझ्या म्हणण्याला आधार कसला? त्यांचा त्रास तर डोळ्यांनी दिसत होता. पिशवी परत गेली असती, तर महिनाअखेरीस ते पुन्हा मोटार चालवू लागले असते, त्याच पेंगेसह. मला भय होते ते त्याचे.

यंत्र देणाऱ्यांकडील तंत्रज्ञ मुलगा त्या दुपारी घरी आला. पिशवी उचलण्याआधी त्याने एकच प्रश्न विचारला, “काका, गुदमरतं ते श्वास घेताना की सोडताना?” यजमान विचारात पडले. मग म्हणाले, “घेताना. शहाळ्याच्या नळीतून श्वास ओढतोय असं वाटतं. हवा पुरतच नाही.” मुलगा हसला आणि खुर्ची ओढून बसला. “मग काका, वारा जास्त नाही होत तुम्हाला. कमी पडतोय.”

या एका वाक्याने सारे चित्र पालटले. आम्ही दोघेही त्या गुदमरण्याचा अर्थ ‘यंत्राचा जोर फार’ असाच समजत होतो. वास्तव उलट होते. मास्कवर बारीक छिद्रे असतात. सोडलेला श्वास, त्यातील कार्बन डायऑक्साइडसह, त्या छिद्रांतून बाहेर वाहून जावा, अशी त्यांची योजना असते. दाब कमी असला की छिद्रांतून वाहणारी हवाही कमी असते. वापरलेली हवा मास्कमध्ये किंचित रेंगाळते आणि शरीर अधिक हवेची मागणी करू लागते. त्यातून अंगापिंडाने भरलेला, दीर्घ श्वास घेणारा माणूस असेल, तर ४ सेंटिमीटरचा झोत त्याला अपुरा वाटावा यात नवल नाही. पुष्कळांना ४ हा आकडा सुखाचा असतो. परंतु अनेक प्रौढांना तो गुदमरवतो, आणि ६ किंवा ७ वर हायसे वाटते. (मास्कची ही छिद्रे चादरीने झाकू नयेत वा चिकटपट्टीने बंद करू नयेत, हेही ओघाने सांगून ठेवते.)

दुसरा मुद्दा वेळेचा. यजमानांना पाठ टेकताच दहा मिनिटांत झोप लागते. ४ पासून ११ पर्यंत ४५ मिनिटांत चढायचे, तर दहाव्या मिनिटाला दाब असतो साडेपाचच्या आसपास. म्हणजे झोप लागली, घसा सैलावला, आणि वाट तोलून धरणारा दाब मात्र निम्म्यावरच. पुढची ३५ मिनिटे श्वास पूर्वीसारखाच अडत राहणार; माणूस धापेने जागा होणार आणि दोष देणार मास्कला. शिवाय रात्री लघवीला उठून मास्क पुन्हा लावला की यंत्र पुन्हा चढणीच्या पायथ्याशी येते. या विकारात रात्री वारंवार लघवीला लागते, हे डॉक्टर सांगतातच. दोनदा उठणाऱ्या माणसाचे रात्रीचे दीड-पावणेदोन तास अशा अपुऱ्या दाबात जाऊ शकतात.

डॉक्टरांशी फोनवर बोलून त्या मुलाने सुरुवातीचा दाब ७ केला आणि रॅम्प १५ मिनिटांवर आणला. उपचाराच्या दाबाला हात लावला नाही. मग यजमानांना आडवे व्हायला सांगून त्याने दाब पूर्ण ११ वर नेला आणि मास्कचे पट्टे त्या स्थितीत बसवले. बसलेल्या माणसाला कमी दाबावर बांधलेला मास्क रात्री दाब चढल्यावर फुसफुसू लागतो. तेव्हा मास्क जुळवायचा तो निजलेल्या अवस्थेत आणि पूर्ण दाबावर. पुढचे चार दिवस संध्याकाळी वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसावे, असेही त्याने सुचवले. रात्री बिछान्यावरच नव्या वस्तूशी झुंज नको, हा त्यामागचा हेतू. त्या रात्री यजमान चार तास झोपले. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी यंत्रातील नोंदी पाहिल्या, तेव्हा रोजची सरासरी सहा तासांवर गेली होती आणि श्वास अडण्याचा आकडा ३८ वरून ४ वर आला होता.

परंतु आमच्या अनुभवाचा नियम करू नये. नाशिकला राहणाऱ्या माझ्या नणंदेचे उदाहरण अगदी विरुद्ध आहे. त्यांचा उपचाराचा दाब १३, आणि यंत्रात रॅम्प बंदच होता. वन्सं फोनवर म्हणाल्या, “वहिनी, पंख्यापुढे तोंड धरल्यासारखं होतं. श्वास सोडवतच नाही मला.” त्यांना त्रास घेताना नव्हता, सोडताना होता. शिवाय त्यांना झोप लागायला कधी कधी तास जातो. त्यांच्या डॉक्टरांनी सुरुवातीचा दाब ५ ठेवला आणि स्वयंचलित रॅम्प लावला. या प्रकारात माणूस जागा आहे तोवर यंत्र कमी दाबावरच थांबते आणि श्वासाच्या लयीवरून झोप लागल्याचे ओळखून मग चढू लागते. सोबत श्वास सोडताना दाब किंचित उतरवणारी सोयही सुरू केली. एकाच कुटुंबातील दोन माणसे, एकच तक्रार, ‘गुदमरतं’. आणि दोघांवरचे उपाय परस्परविरुद्ध.

ज्यांच्याकडे आपोआप दाब बदलणारे यंत्र आहे, त्यांच्यासाठी आणखी एक बारकावा. अशा यंत्राला किमान आणि कमाल असे दोन आकडे दिलेले असतात, आणि रॅम्पची चढण किमान आकड्यापाशी संपते. किमान आकडाच ४ असेल आणि सुरुवातही ४ असेल, तर रॅम्प कितीही मिनिटांचा ठेवा, चढण अशी उरतच नाही. तेथे रॅम्पची मिनिटे बदलण्यात अर्थ नसतो. किमान दाबाविषयीच डॉक्टरांशी बोलावे लागते.

येथे एक सीमारेषा पाळणे अगत्याचे आहे. उपचाराचा दाब, तसेच किमान व कमाल दाब, ही औषधाची मात्रा आहे. ती डॉक्टरांनीच ठरवायची. रॅम्प आणि सुरुवातीचा दाब ही सुखसोय आहे. ती रुग्णाला काय वाटते यावरून जुळवायची. रॅम्पची मिनिटे बहुतेक यंत्रांत रुग्णाला स्वतः बदलता येतात. सुरुवातीचा दाब काही यंत्रांत त्याच्या हाती असतो, काहींत तंत्रज्ञाच्या. दम लागणे, छातीत दुखणे, किंवा मास्क नसतानाही श्वास अपुरा वाटणे ही मात्र यंत्राची तक्रार मानू नये. त्यासाठी विनाविलंब डॉक्टर गाठावेत.

घरात सीपॅप आले असेल, तर उशाशी एक लहान वही ठेवावी. त्यात चारच गोष्टी टिपाव्यात : गुदमरते ते श्वास घेताना की सोडताना, त्रास दिवा मालवताच होतो की झोपेतून जाग आल्यावर, झोप लागायला साधारण किती मिनिटे जातात, आणि रात्री किती वेळा उठावे लागते. झोपलेल्या माणसाला स्वतःचे सगळे आठवत नाही. ही नोंद शेजारी निजणाऱ्या माणसानेच ठेवायची. आठवडाभराची ही वही तंत्रज्ञापुढे आणि डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांना पुढचे काम सोपे जाते. यंत्र परत करण्याचा विचार त्यानंतर करावा. आमच्याकडे तरी तो पुन्हा करावा लागला नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी यजमानांना मोटार चालवण्याची परवानगी दिली. आताही ते निघाले की मी फाटकापाशी क्षणभर थांबते. पण पूर्वीसारखी त्यांच्या पोहोचल्याच्या फोनची वाट पाहत बसत नाही.