सांचीच्या तोरणावरील यवनांचें प्रावरण

१९८९ सालीं जागतिक वारसा ठरलेल्या सांचीस जाणारे बहुतेक प्रवासी महास्तूप पाहतात, तोरणावरील हत्ती व यक्षिणी पाहतात आणि परततात. उत्तर तोरणाच्या खांबावर एक लहानसा शिलापट आहे. त्यांतील माणसांच्या वस्त्रांकडे फारसें कोणी पाहत नाहीं. आमच्या मतें केवळ त्या वस्त्रांसाठीं ती टेकडी पुन्हां चढावी.

पटाच्या मध्यभागीं स्तूप आहे. बुद्धाची मूर्ति नाहीं. सांचीच्या तोरणांवर तथागत मनुष्यरूपानें दाखविलेलेच नाहींत. उपासक मात्र निराळे आहेत. इतर पटांतील नागरिक उघड्या अंगाचे, धोतर नेसलेले, मोठें पागोटें बांधलेले. हे कुरळ्या केसांचे. अंगांत आखूड झगा, पायांत पट्ट्यांच्या वहाणा, कांहींच्या डोक्यावर टोंकदार टोपी, आणि पाठीवर सोडलेलें आखूड प्रावरण. कोणी जोडपांवा वाजवीत आहे, कोणी शिंग फुंकीत आहे. अनेक विद्वान् यांस ग्रीक, म्हणजे आपल्या प्राचीन ग्रंथांतील यवन, समजतात.

असल्या प्रावरणास ग्रीक लोक ‘ख्लामिस’ म्हणत. लोंकरीचें एकच आयताकार वस्त्र, शिवण नाहीं. तें डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्या खांद्यावर टांचणीनें अडकवीत. स्वार, सैनिक व शिकारी यांचा हा पोषाख. यामुळें उजवा हात भाल्यासाठीं मोकळा राही. प्रसंगीं त्याचेंच टोंक डाव्या हातास गुंडाळून ढालीचें काम घेत.

आपलें उत्तरीयहि बिनशिवणीचेंच. तें उपवीतपद्धतीनें घेतलें म्हणजे आपलाहि उजवा हात मोकळा राहतो. पण तो आहुतीसाठीं आणि दानासाठीं. बौद्ध भिक्षुहि आदर दाखवितांना चीवर एका खांद्यावर घेऊन उजवा खांदा उघडा ठेवितो. तीन वस्त्रें, युक्ति एकच. भेद काय तो मोकळ्या हाताच्या कामांत. सांचीच्या पटांत भाल्यासाठीं मोकळा ठेविलेला तो हात वाद्यांत व पूजेंत गुंतला आहे.

हें केवळ पाथरवटाच्या कल्पनेंतलें नव्हे. तेथून सुमारें १० किलोमीटरवर विदिशेजवळ बेसनगर येथें हेलिओदोराचा गरुडध्वज उभा आहे. लोक त्यास ‘खांबबाबा’ म्हणतात. तक्षशिलेचा हा यवन राजदूत इ. स. पूर्व २ ऱ्या शतकांत विदिशेस आला आणि लेखांत स्वतःस भागवत म्हणवून गेला. आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहांतहि धेनुकाकटच्या यवनांनीं दिलेले खांब आहेत. आणि सांचीच्याच दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य आनंद याच्या दानाचा लेख आहे. म्हणजे सातवाहनांच्या नांवानें सांची व कार्लें हीं स्थळें एकमेकांस जोडलीं जातात.

आज घरोघरचीं मुलें व नातवंडें परदेशीं आहेत. तीं सणावारीं घरीं आलीं कीं त्यांच्या पोषाखावरून देवघराच्या उंबऱ्याशीं वाद होतात. कधीं अबोलाहि होतो. वडीलधाऱ्यांनीं आपला आचार अवश्य पाळावा. परंतु मुलांस देवघराबाहेर उभें करण्यापूर्वीं सांचीचा हा पट आठवावा. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या पाथरवटानें पाहुण्यांस धोतर नेसविलें नाहीं, कीं स्तूपापासून दूरहि ठेविलें नाहीं. अंगावर काय आहे तें त्यानें बारकाईनें कोरिलें, आणि हात काय करीत आहेत तेंहि कोरिलें.