विश्वास आहे, म्हणूनच पावती

मंडळाच्या सभेत एखादीनं "पावती कुठाय?" विचारलं की आपल्या बायकांचे चेहरे उतरतात. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" हे उत्तर ठरलेलं!

माझ्या धाकट्या जावेचं माहेर मुरब्याचं. खाडीच्या अलीकडे मुरबे, पलीकडे सातपाटी. मासळीची टोपली घेऊन बाजार करणाऱ्या तिथल्या बायकांना भाव, उधारी, बर्फाचे पैसे सगळं तोंडपाठ. जावेची काकू तिथल्या महिला मंडळाची खजिनदार होती. वर्गणी आणि भांड्यांचं भाडं तिच्या डब्यात, हिशेब तिच्या डोक्यात. जून-जुलैत मासेमारी बंद, घरोघरी हात आखडलेले. अशात बायकांनी शिल्लक विचारली आणि सहा हजारांचा मेळ लागेना. पैसे मंडपाला गेले होते, पण पावती नव्हती. काकूनं कानातलं मोडून रक्कम भरली आणि मंडळाची पायरी सोडली. पै न खाता बाई चोर ठरली!

मी बरीच वर्षं हिशेबनीस होते, म्हणून जाऊ म्हणाली, "जाऊबाई, एकदा येऊन आमच्या बायकांना समजावा." ओटीवर पंधराजणी जमल्या. मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणी भजनी मंडळाच्या, बालवाडीच्या नाहीतर देवळाच्या समितीवर असतील.

विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानं नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारक आहे. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. संस्थेची जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी हवी. सगळ्यांनी हात वर केले म्हणून भागत नाही.

रोजची शिस्त मात्र आपल्या स्वयंपाकघरातलीच. पैसा घरात न ठेवता बँकेत ठेवा आणि काढताना दोघींच्या सह्या ठेवा. आलेल्या रुपयाची पावती द्या, गेलेल्याची घ्या. सभेत ठरलेलं त्याच दिवशी वहीत लिहा. मंडपवाला आपला दीर असेल तर तसं उघड सांगा आणि त्या ठरावावर मत देऊ नका. खजिनदारीही एकीच्याच गळ्यात वर्षानुवर्षं नको.

एक म्हातारी म्हणाली, "बाय, आम्हाला लिहिता येत नाय. मग?"

लिहिता न येणं ही अडचण नाहीच. शाळेतली नात लिहील. पण दर महिन्याला जमा, खर्च आणि शिल्लक मोठ्यानं वाचायची, ऐकणारीनं न लाजता विचारायचं. बचत गटांच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, कर्ज आणि परतफेड यांच्याबरोबर नियमित लेखेही आहेत, ते उगाच नाहीत. गटात चालतं ते मंडळात का चालू नये?

काकू मागे भिंतीला टेकून बसली होती. उठताना एवढंच म्हणाली, "हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!"

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सभेत पावती मागणारीवर रागावू नका. उद्या तुमच्यावर बोट उठलं, तर तीच पावती तुमच्या बाजूनं बोलेल.