पुरेसे म्हणजे किती?

‘पुरेसे’ हा शब्द जितका सहज उच्चारला जातो, तितका तो मोजावयास कठीण आहे. संस्कृतातील ‘पर्याप्त’ या शब्दाच्या मुळाशी सर्व बाजूंनी जाऊन पोहोचण्याची कल्पना आहे. नित्याच्या व्यवहारात मात्र माणसे ‘भागेल इतके’ या अर्थावरच थांबतात. या दोन अर्थांमधील अंतर किती महाग पडू शकते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी खेळांसाठी संगणक जुळविणाऱ्या मुलाची खरेदीची यादी वाचावी. ग्राफिक्स कार्ड तीत अग्रभागी असते, प्रोसेसर त्याच्या मागोमाग येतो आणि या सर्वांना वीज पुरविणारा पॉवर सप्लाय, बाजारभाषेतील एसएमपीएस, तळाशी, उरल्यासुरल्या पैशांत बसविलेला असतो.

दिल्लीत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील अशीच एक यादी २०२३ साली नेहरू प्लेसच्या बाजारात गेली. पैसे आईच्या भिशीचे होते. एखादा भाग जळाला असता तर दुसरा घेण्याची सोय नव्हती. मुलाने आरटीएक्स ४०७० हे कार्ड आणि कोअर आय५-१३४००एफ हा प्रोसेसर निवडला होता. बेरीज त्याला तोंडपाठ होती : कार्डाला २०० वॅट, प्रोसेसरला जास्तीत जास्त १४८ वॅट आणि बोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांना मिळून सुमारे ६० वॅट, एकूण ४१० वॅटच्या आसपास. कॅबिनेटबरोबर मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ‘५०० वॅट’ असे ठळक छापलेले होते.

“९० वॅट उरतात की, आई,” तो म्हणाला.

आईने खोके फिरवून मागचे बारीक अक्षरांतील कोष्टक वाचावयास सांगितले. शीर्षक एक सांगते आणि पाठ दुसरेच, हा अनुभव ग्रंथांपुरता मर्यादित नाही. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेचे पॉवर सप्लाय १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा तीन वाटांनी वाटप करतो. आजच्या प्रोसेसरची आणि कार्डाची भूक जवळजवळ सर्वस्वी १२ व्होल्टच्या वाटेनेच भागते. कोष्टकात त्या वाटेपुढे १८ अँपिअर असा आकडा होता. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. बाकीचे वॅट, जेथे फारसे कोणी मागणारे नव्हते, तेथे दाखविलेले होते.

“मग चांगल्यातला ४५०चा घेऊ या,” मुलगा म्हणाला.

“पंगतीचा भात सरासरीने शिजवतात का रे? सगळी पानं एकदम ‘वाढा’ म्हणतात, तेव्हा पातेलं रितं दिसता कामा नये.”

आईचे हे उत्तर यंत्रशास्त्रालाही मान्य आहे. कार्डाचे २०० वॅट ही सलग मागणी झाली. क्षणार्धात ती तिच्या कितीतरी वर उसळते. इंटेलने १९९५ साली आखलेल्या एटीएक्स मानकाच्या २०२२मधील तिसऱ्या आवृत्तीने मोठ्या कार्डांसाठीच्या पॉवर सप्लायवर १०० मायक्रोसेकंदांपुरती, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरती, छापील क्षमतेच्या दुप्पट मागणी सोसण्याचे बंधन घातले, ते यामुळेच. ती उसळी न सोसल्यास संरक्षक मंडल पुरवठा तोडते. ऐन खेळात संगणक बंद पडतो आणि दोष खेळाच्या माथी मारला जातो. असे मंडलच नसलेला स्वस्त संच बिघडताना इतर भागांनाही सोबत नेऊ शकतो. कार्डाच्या निर्मात्यांनी या कार्डासाठी ६५० वॅट सुचविले आहेत. बेरजेच्या वरचा भाग हा अशा क्षणांसाठीचा आहे.

दुकानदाराने मग ‘८० प्लस गोल्ड’चा शिक्का असलेला १००० वॅटचा संच पुढे केला. २००४ साली सुरू झालेली ही शिक्क्यांची पद्धत भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी कामास किती आली आणि उष्णतेत किती गेली, एवढेच सांगते. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ९० टक्के, ही गोल्डची अट. संच उसळ्या कितपत सोसेल, त्यातील कपॅसिटर किती वर्षे टिकतील, याविषयी शिक्का मौन पाळतो. मोठा संच सदैव तितकी वीज खातो असेही नाही. भाग मागतील तेवढीच तो देतो. परंतु न लागणाऱ्या क्षमतेचे मोल भिशीतूनच द्यावयाचे होते. अभावाच्या भीतीने केलेला अतिरेक हाही ‘पुरेसे’ न समजल्याचाच प्रकार होय.

अखेरीस ६५० वॅटचा संच घेण्यात आला. त्याच्या कोष्टकात १२ व्होल्टपुढे ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट होते. येथे शीर्षक आणि पाठ जुळत होते. किमतीतील फरक मुलाने रंगीत दिव्यांचे, काचेच्या बाजूचे कॅबिनेट यादीतून खोडून भरून काढला. साधे पत्र्याचे कॅबिनेट घरी आले. आत काय बसविले आहे, ते बाहेरून दिसत नाही.