रानडुकरं, रेडिओ अन् एल्विस



एल्विस प्रेस्ले आमच्या पातूरच्या शिवारात रानडुकरांच्या पायी आला. हरभरा घाट्यावर आला की रातची जागल, अन् डुकरं हाकलायला मचाणावर रेडिओ. रफीचं ‘कौन है जो सपनों में आया’ म्हणजे काकांचा जीव की प्राण. चित्रपट ‘झुक गया आसमान’, १९६८, संगीत शंकर-जयकिशनचं.

पुढं मोबाईल आला. एका जागलीत हेच गाणं शोधता शोधता भाच्याला एल्विसचं १९६३ सालचं ‘मार्गरीटा’ सापडलं. चाल तीच! काका म्हणे, “आपल्या रफीचं गाणं हा गोरा कावून म्हणून राह्यला रे?” चाल त्याची आधीची आहे म्हटलं, तर दोन दिवस बोलले नाहीत. मग हळूच विचारलं, गावचा कुठला? मिसिसिपीतल्या टुपेलोचा, जन्म १९३५, दोन खोल्यांचं घर, मुलूख कापसाचा.

“मंग आपलाच हाये.”

आता जागलीत आधी तो, मग रफी. डुकरांचं म्हणाल तर एकाच आवाजाला ती चार-आठ दिवसांत सरावतात, म्हणून स्पीकरची जागा अन् गाणं दोन्ही रोज बदलतो. तरी यंदा धुऱ्याकडचे दोन तास गेलेच.