मुगभाटातला पिजी

"मुंबईत जन्मलेल्या माणसावर मुंबईला 'जाण्याची' पाळी यावी, त्यापेक्षा तिचं तोंड न पाहिलेलं बरं," असे आमचे अण्णा म्हणत. आणि म्हणत तसेच वागत. २००४ साली गिरगावातली, मुगभाटातली आमची चाळ सुटली आणि आम्ही डोंबिवलीकर झालो. त्यानंतर अण्णांनी गिरगावात पाऊल टाकले नाही. लग्नाची बोलावणी आली, साहित्य संघातल्या नाटकांचे पास आले, गणपतीत जुन्या शेजाऱ्यांचे फोन आले. अण्णांचे उत्तर ठरलेले, "पाय दुखतात हल्ली." डोंबिवलीत मात्र तेच पाय रोज पहाटे तासभर फिरून येत.

तेव्हा गिरगावची वाट आमच्या घरात बंदच होती म्हणा ना. ती उघडली एका पाखराने. तेही खरे नव्हे, खेळातले!

त्याचे असे झाले. २०१६ च्या जुलैत 'पोकेमॉन गो' नावाचा खेळ परदेशात निघाला आणि १४ डिसेंबरला तो रीतसर हिंदुस्थानात आला. आमचे चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे. पोकेमॉन म्हणजे 'पॉकेट मॉन्स्टर', खिशात मावणारे राक्षस. हे राक्षस मूळचे जपानचे. १९९६ साली ते एका हातातल्या खेळयंत्रात अवतरले तेव्हा त्यांची संख्या होती १५१. पुढे ती किती वाढली हे मी विचारले नाही. चिरंजीवांनी सांगितले मात्र असते, न थांबता! या नव्या खेळाची गंमत अशी की तो घरात बसून खेळता येत नाही. फोनच्या काचेवर आपल्याच रस्त्यांचा नकाशा दिसतो. आपण चाललो की काचेतला पोरगाही चालतो, आणि वाटेत कुठेतरी एखादा राक्षस उभा ठाकतो. बोटाने चेंडू फेकून त्याला धरायचे. पुतळे, देवळे, कारंजी अशा ठिकाणी थांबे असतात. तिथे चेंडू मिळतात, अंडी मिळतात. अंडे उबवायचे तर दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालावे लागते. कोंबडीला जे बसून जमते ते आमच्या पोरांना चालून करावे लागते, एवढाच फरक.

फोन अर्थातच माझा. त्यामुळे चिरंजीव जिथे जातील तिथे मला जाणे भाग. डोंबिवलीचे सगळे राक्षस धरून झाले, तेव्हा फर्मान सुटले, "बाबा, मुंबईला जाऊ. तिथं भारी मिळतात."

रविवार, ८ जानेवारी २०१७. सकाळच्या फास्ट लोकलने आम्ही दादरला उतरलो. फुलबाजारातून वाट काढीत पश्चिमेला कबुतरखान्यापाशी आलो. मधोमध कारंजे, भोवती लोखंडी कठडा आणि आत पारव्यांचा राखी समुद्र. कोणी ज्वारी टाकीत होते, कोणी चणे. एखादी बस कर्कश वाजली की सारा थवा एकदम उठे, टॅक्स्यांच्या टपावरून गिरकी घेई आणि जिथून उठला तिथेच पुन्हा उतरे. चिरंजीवांनी फोन वर धरला आणि तोंड वाकडे केले.

"शी! पुन्हा पिजीच!"

पिजी हा त्या यादीतला सोळावा प्राणी. अंगाने तपकिरी, पोटाला मळकट पांढरा, डोक्यावर जरासा तुरा. धड चिमणी नव्हे, धड पारवा नव्हे. पाऊल टाकावे तिथे भेटतो म्हणून त्याला कोणी विचारीत नाही. बारा गोळ्या साठल्या की त्याचे रूपांतर थोरल्या पक्ष्यात होते, म्हणून पोरे त्याला नाइलाजाने धरतात. नको असलेले पिजी एका प्राध्यापकाकडे पाठवून द्यायचे. तो प्रत्येकामागे एकच गोळी परत देतो. प्राध्यापकाच्या ऐपतीची इतकी अचूक कल्पना खेळ करणाऱ्यांना कशी आली, याचे मला, त्याच पेशातला म्हणून, नवल वाटले.

"अरे, या खऱ्या पारव्यांकडे तर बघ," मी म्हणालो.

"बघितले. हेपण पिजीच."

दादर टीटीवरून आम्ही परळ-लालबागच्या बसमध्ये चढलो. खिडकीतून मी त्याला माझी मुंबई दाखवू लागलो, पण दाखवायला ती जागेवर होती कुठे? जिथे गिरणीची भिंत मैलभर पळायची तिथे काचेचे मनोरे. एखादी चिमणी राहिलेली. तिला धूर नाही. माझे मामा याच भागात गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. मामा एके दिवशी बिऱ्हाड घेऊन कोकणात गेले. मी तेव्हा चार वर्षांचा. मला आठवतो तो फक्त त्यांच्या दाराला लागलेला कुलपाचा गोळा.

लालबागला उतरलो तो डंकांवर कुटल्या जाणाऱ्या मिरचीचा खाट नाकात शिरला. शिंकता शिंकता चिरंजीवांनी आणखी दोन पिजी धरले. इथेच, वडापाव खाताना, मी त्याला एक गोष्ट सांगितली. पोराच्या हाती आपण काय देतो ते कळावे म्हणून आदल्या रात्री मी ती वाचली होती. हा खेळ ज्याने मुळात कल्पिला तो सातोशी ताजिरी टोकिओजवळच्या माचिदा गावचा. लहानपणी तळ्याकाठी, शेताबांधावर किडे गोळा करायचा त्याला नाद. मग शहर पसरत आले. तळी बुजली, शेते गेली, त्यांच्यावर इमारती चढल्या. पुढच्या पोरांना किडे कुठून मिळायचे? म्हणून त्याने खोटे प्राणी आणि खोटे रान तयार केले, हुडकण्याचा तो आनंद तरी मिळावा म्हणून.

चिरंजीव वडापाव चावायचे थांबले. "म्हणजे त्याचं घर पण पाडलं?"

"घर नाही. अंगण."

"तेच ते," तो म्हणाला.

दुपारी ठाकुरद्वारला उतरलो आणि माझी चाल आपोआप बदलली. गिरगावात शिरले की मी अजूनही पदपथ सोडून रस्त्याच्या कडेने चालतो. तिथे पदपथ ही दुकानदारांची ओसरी असते असा लहानपणापासूनचा समज! मॅजेस्टिकची जागा दाखवली: १९३१ साली इथेच 'आलम आरा' लागला आणि आपला चित्रपट पहिल्यांदा बोलला. वाड्यांची नावे म्हणून दाखवली: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. "सगळी खायचीच नावं?" चिरंजीवांनी विचारले. एका देवळाच्या थांब्यावर त्याला अंडे मिळाले, तेव्हा मात्र मी इकडेतिकडे पाहून घेतले. देवळात अंडी दाखवतात म्हणून २०१६ च्या सप्टेंबरात गुजरातेतले लोक उच्च न्यायालयात गेले होते. इथे एखाद्या आजीने ऐकले असते तर न्यायालयापर्यंत जायची गरज पडली नसती.

आणि मुगभाट.

चाळीच्या जागी पत्रे होते. निळे, गंजलेले, माणसाच्या दीडपट उंच. आमची इमारत धोकादायक ठरली तेव्हा, दोनतीन वर्षांत याच जागी नव्या खोल्या मिळतील, अशा बोलीवर भाडेकरूंनी सह्या केल्या होत्या. बारा वर्षे झाली तरी उभे होते ते एवढेच. पत्र्यांच्या फटीतून पाहिले तर आत पाण्याचे डबके आणि कडेला पिंपळाचे रोप. कुणी विरारला गेले, कुणी बदलापूरला. काही जण वाट पाहता पाहता त्याहून लांब गेले.

फोन थरथरला. पत्र्यांच्या आत, जिथे आमचा तिसऱ्या मजल्याचा जिना होता अंदाजे तिथे, पिजी उभा.

चिरंजीवांनी कंटाळून चेंडू फेकला, धरला, आणि प्रथमच त्याची माहिती उघडून वाचली. वाचता वाचता म्हणाला, "बाबा, याला दिशा फार भारी कळते म्हणे. कितीही लांब नेऊन सोडलं तरी हा आपल्या घरट्यात बरोबर परत येतो."

मी पत्र्यांकडे पाहत राहिलो.

"याला प्राध्यापकाकडे नाही पाठवायचा," तो म्हणाला. खेळात प्राण्याला नाव ठेवता येते. त्याने नाव ठेवले 'मुगभाट'.

रात्री जेवताना त्याने तो पिजी अण्णांना दाखवला आणि पोरांच्या जातीला शोभेलसे विचारले, "अण्णा, याला घरी जाता येतं, मग तुम्हाला का नाही येत?"

सौ.ने डोळे वटारले. अण्णा काही बोलले नाहीत. पण दिवे मालवल्यावर बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला. ते नातवाला सांगत होते. जे मला कधी सांगितले नव्हते ते. चाळीच्या समितीचे चिटणीस अण्णा होते. छापखान्यात तीस वर्षे मुद्रितशोधन केलेला माणूस. कागद वाचून दाखवायचे काम साहजिकच त्यांच्याकडे. काही बिऱ्हाडे तयार नव्हती. अण्णांनी दारोदार जाऊन समजावले, "मी वाचलंय. चूक नाही त्यात." पहिली सही त्यांची होती. "आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या रे," ते म्हणाले, "आणि तिथं एक सुटली."

नातू झोपला होता की जागा होता, मला कळले नाही.

त्यानंतर साडेआठ वर्षे गेली. चिरंजीव कॉलेजात गेले, खेळ सुटला. पत्रे उतरून तिथे मनोरा उभा राहिल्याचे कानावर आले. तोवर बहुतेक जुन्या भाडेकरूंनी हाती पडेल ती रक्कम घेतली होती. मोजकीच बिऱ्हाडे टिकून परत गेली. अण्णांनी पैसे घेतले ते सगळ्यांत शेवटी.

२०२५ च्या ऑगस्टात दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला. पारव्यांच्या विष्ठेने आणि पिसांनी फुप्फुसे बिघडतात, असे डॉक्टर सांगत होते. प्रकरण उच्च न्यायालयात होते. दाणे घालणारे संतापले, त्यांनी ताडपत्री फाडली, ती पुन्हा घातली गेली. अण्णा रोज पेपरात ती बातमी शोधून वाचत. आमच्या शेजारी दम्याचे एक गृहस्थ आहेत, त्यामुळे मी डॉक्टरांच्या बाजूचा. अण्णा बाजू घेत नसत. एवढेच विचारीत, "अजून येतात का रे ती तिथं?" मी कॉलेजातून येताना पाहिले होते. येत होती. झाकलेल्या जागेवर गिरक्या घालून समोरच्या गच्च्यांवर ओळीने बसत होती.

ऑक्टोबरात मेट्रोचा अखेरचा टप्पा सुरू झाला आणि दादरहून थेट गिरगावला जमिनीखालून जाता येऊ लागले. एका रविवारी चहाचा कप ठेवून अण्णा म्हणाले, "आता चालावं लागत नाही म्हणे फारसं."

पायांचे दुखणे असे एका वाक्यात बरे झाले.

दादरला ताडपत्रीपाशी ते क्षणभर थांबले आणि पुढे चालू लागले. गिरगाव स्टेशनात सरकत्या जिन्याने वर येताना त्यांनी नातवाचा हात घट्ट धरला होता. बाहेर उजेडात आल्यावर काही ओळखूच येईना. नातवाने फोनवर नकाशा काढला. अण्णांनी तो हाताने बाजूला सारला. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत मोजीत चालू लागले. त्र्याऐंशी वर्षांचे पाऊल आखूड झालेले. मधेच थांबून, हिशेब जुळवून, आणखी थोडी पावले टाकली. मनोऱ्याच्या फाटकातून आत, मोटारींच्या उतारावर, ते उभे राहिले.

"इथं," म्हणाले. "इथं पहिली पायरी."

रखवालदार धावत आला. त्याच्यामागून दुधाची पिशवी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिले.

"अण्णा का?"

अण्णांनी हात जोडले. "माझ्यामुळं झालं ते सगळं. मी वाचून दाखवलं होतं."

"अहो, वाचलं तुम्ही, पण सह्या आमच्याच होत्या की," ते गृहस्थ म्हणाले. "एकवीस वर्षं तेवढ्यासाठी आला नाहीत? चला वर. चहा टाकायला सांगतो."

चौदाव्या मजल्यावर चहा झाला. चाळीतून कधी न दिसलेला चौपाटीचा समुद्र तिथून दिसत होता. खिडकीला कबुतरांची जाळी होती. जाळीबाहेरच्या कठड्यावर एक पारवा येऊन बसला, तेव्हा गृहस्थ त्याला हुसकायला उठले आणि अण्णांकडे पाहून पुन्हा बसले.

चिरंजीव माझा फोन चाळीत होते. कितीतरी वर्षांनी त्यांनी तो खेळ पुन्हा उतरवून घेतला होता. फोन अण्णांपुढे धरून म्हणाले, "हा बघा. अजून आहे."

अण्णांनी चष्मा सारखा केला, नावातले एकेक अक्षर सवयीने तपासले आणि मान डोलावली.

"बरोबर लिहिलंयस," ते म्हणाले.