बुलबुलाच्या रक्ताचा थेंब

पक्ष्यांनाही मलेरिया होतो, हे मी घरी सांगितलं तेव्हा आईने फोनवर विचारलं, "मग थंडी वाजून येते का गं त्यांना?" प्राणिशास्त्रात एमएस्सी करून सांगलीहून बंगळूरला प्रकल्प साहाय्यक म्हणून आलेल्या मला याचं उत्तर देता येईना. पक्षी आजार दाखवत नाही. मलूल दिसला की शिकारी नेमका त्यालाच उचलतो, म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत तो धडधाकट असल्यासारखाच वावरतो. खरं काय ते रक्तातच कळतं.

जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारातल्या झाडीत उजाडायच्या आत जाळी लावायचो. धागा इतका बारीक की झाडांच्या सावलीत जाळी दिसतच नाही. पक्षी आदळतो आणि जाळीच्या झोळीत अलगद पडतो. मग त्याला सोडवायचं, कापडी पिशवीत घालून वजन करायचं, पंख मोजायचा. सोडवणं हे सगळ्यात जिकिरीचं काम. चष्मेवाला पक्षी जेमतेम नऊ-दहा ग्रॅमचा, मुठीत धरला तर नुसतं काळीज धडधडत असल्यासारखा लागतो. बुलबुल मात्र चोच मारून हिशेब चुकता करतो. रक्त घ्यायचं पंखाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून, बारीक सुई टोचून काचेच्या केशनळीत. वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त घ्यायचं नाही, हा नियम. आम्ही त्याहून बरंच कमी घ्यायचो. कापसाने शीर दाबायची, रक्त थांबलं की हात उघडायचा. तिथला माळी रोज विचारायचा, मरत नाही ना? आणि पक्षी उडाला की आमच्याआधी तोच सुटकेचा श्वास सोडायचा. या सगळ्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती मिळेपर्यंत पक्ष्यांचा एखादा हंगाम निघून जाऊ शकतो.

मला खरी गोडी लागली ती सूक्ष्मदर्शकाची. माणसाच्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, पक्ष्याच्या असतं. काचेवर पसरलेल्या रक्ताला गिम्सा रंग दिला की लांबट पेशींच्या मधोमध जांभळी केंद्रकं उठून दिसतात. केंद्रक असल्यामुळे थेंबभर रक्तातूनही भरपूर डीएनए मिळतो, ही आमची सोय. तेलाचं भिंग लावून हजारपट मोठी केलेली पेशी बघत बसायचं. शेकडो पेशी निरोगी जातात आणि मग एखादी अशी येते, की केंद्रकाला कवेत घेऊन कुणीतरी बसलेलं आहे, अंगावर सोनेरी-तपकिरी कण. तो हिमोप्रोटियस नावाचा परजीवी. प्लास्मोडियम या परजीवीमुळे होणारा पक्ष्यांमधला मलेरिया डास पसरवतात, हिमोप्रोटियस पसरवतात चावऱ्या चिलटांसारखे कीटक. कबुतराच्या पिसांत दडणारी चपटी माशीही त्यातलीच. हे परजीवी माणसाला लागत नाहीत, हे आईला मी पहिल्याच फोनमध्ये सांगून टाकलं होतं.

पीसीआरमध्ये परजीवीचं सायटोक्रोम-बी हे जनुक तपासलं की काचेवर न दिसलेला संसर्गही सापडतो. पण परजीवीचा डीएनए सापडला म्हणजे तो त्या पक्ष्यात नीट वाढतोय असं होत नाही. ते काचच दाखवते. दोन्ही लागतात. मला विचाराल तर माझा कौल काचेला.

बंगळूरला बसून हे काम करताना रोनाल्ड रॉसची आठवण टाळता येत नाही. 1883 मध्ये तो इथल्या छावणीत डॉक्टर होता. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात डास होतात, हे त्याने इथेच पाहिलं. पुढे 1898 मध्ये कलकत्त्यात त्याने मलेरियाचं चक्र उलगडलं ते पक्ष्यांवर काम करूनच. त्याचं 1902 चं नोबेल निम्मं तरी त्या पक्ष्यांचं आहे, असं मी मानते.

पक्ष्यांना हा रोग किती महागात पडू शकतो, याचंही उदाहरण आहे. रात्री आपल्या कानाशी गुणगुणणारा गटारातला क्युलेक्स डास 1826 च्या सुमारास जहाजातून हवाई बेटांवर गेला. मागून पक्ष्यांचा मलेरियाही पोचला आणि तिथल्या मधपक्ष्यांच्या कित्येक जाती नाहीशा झाल्या. उरलेले उंच डोंगरावर तगले, कारण थंडीत डासाच्या पोटात परजीवी वाढत नाही. आता तो थंडावाही कमी होतोय. आपल्याकडे संशोधक फराह इश्तियाक यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना पश्चिम हिमालयातल्या पक्ष्यांच्या रक्तात हेच परजीवी शोधले. उन्हाळ्यात वर चढणाऱ्या पक्ष्यांबरोबर रोगही वर जातो का, हा तिथला कळीचा प्रश्न.

या कामातली एक अडचण मला फार उशिरा उमगली नाही, पण सुटलीही नाही. जाळ्यात येतो तो उडू शकणारा पक्षी. संसर्गाच्या पहिल्या जोरात जो झुडपाखाली पडून राहिला किंवा मेला, तो जाळ्यापर्यंत येतच नाही. आमच्या काचा म्हणजे वाचलेल्यांची जबानी. मेलेल्यांचं कोण सांगणार?

भारतीय उपखंडातली गिधाडं झपाट्याने का मरतात, हे कोडं सुटलं ते मेलेल्या गिधाडांमुळेच. पाकिस्तानात त्यांची शवविच्छेदनं झाली, मूत्रपिंडं निकामी झालेली आणि अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर दिसले, आणि 2004 मध्ये गुरांना देण्यात येणाऱ्या आणि त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधावर बोट ठेवलं गेलं. भारतात 2006 मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झालं. बंगळूरजवळ रामनगरच्या कड्यांवर आज जी थोडी गिधाडं उरली आहेत, त्यांच्यासाठी ही बंदी फार मोलाची. नवापूरला 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू कळला तोही कोंबड्या मरू लागल्या म्हणून. रानपाखरांच्या मरणाची अशी खबर देणारा मालक नसतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नका आणि मुकाट्याने कचऱ्यातही टाकू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. एकाच ठिकाणी दोन-चार दिवसांत अनेक पक्षी मेलेले आढळले, तर त्याच दिवशी वनखात्याला आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. शव कुजलं की तपासणीला काही उरत नाही.